वच्छलाकाकूची डावी टाच

माह्या पोरीच्या तोंडाले रगत लागलं होतं. ओठाले, हनुवटीले, झबल्याच्या गळ्याले. अन् ती हासून राहिली होती. मी आंगनात कपडे वाळू घालून आली त समोर ओट्यावर हे. हातातली बालटी कुठी फेकली मले आठवत नाही. मी तिले उचललं, तोंडात बोट घातलं, जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या, खालचे दोन दात अन् वरचा एक निघून राहिला होता तो पाहिला, कुठीच काही नाही. मंग मी भुऱ्याले धरलं. भुऱ्या म्हंजे आमचं कुत्र्याचं पिल्लू, पाच मयन्याचं. त्याची जीभ लाल. त्याचा जबडा मी दोन्ही हातानं फाकवला, चावन याचं भेव बी नाही वाटलं तवा, त्याच्या तोंडात बी जखम नाही. मंग रगत कोनाचं?

ओट्याच्या फरशीवर लाल ठिपके होते, भुऱ्याच्या पायाचे, फुलं काढल्यावानी. ते पाहत पाहत माही नजर गेली ते वच्छलाकाकूच्या पायापर्यंत. काकू भिंतीले टेकून, पाय लांब करून मेथी निवडत बसली होती. डाव्या टाचेची चिंधी सुटून बाजूले पडली होती अन् टाचेले खड्डा होता, बोराएवढा, त्यातून गळून राहिलं होतं. भुऱ्यानं ते चाटलं अन् त्याच जिभेनं पोरीचं तोंड चाटलं. अन् काकू मलेच इचारते, "काय झालं वं दिपे? कावून ओरडून राहिली?"

तिले मालूमच नव्हतं. सोताच्या पायातून रगत गळून राहिलं अन् बाईले पत्ता नाही.

मी म्हनलं, "काकू, तुमचा पाय!"

तिनं वाकून पाहिलं, मेथीचा हात लुगड्याले पुसला, चिंधी उचलून परत गुंडाळली. जसं चुलीवरचं भांडं झाकलं तसं. म्हने, "पहिलं पोरीले दवाखान्यात ने. लाळ तोंडात गेली तिच्या. सुई लागन. माह्या पायाचं कोनाले बोलू नको. दोन मयने राहिले. दोन मयने झाले की मी सोताच दाखोतो डाक्टरले."

दोन मयने कशाचे ते मले मालूम होतं. तुमाले सांगतो.

मी नववीपर्यंत शिकलेली, मले रचून लिहिता येत नाही, जसं बोलतो तसं लिहून राहिली. आमी अमरावतीत भाड्यानं राहतो. चार खोल्याची ओळ अन् समोर एकच लांब ओटा. पोरीचे बाबा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत आहेत, एक हप्ता सकायची पाळी, एक हप्ता दुपारची. माहं माहेर अकोल्याकडचं. लग्न होऊन आली तवा मले अथी कोनीच नव्हतं, शेजारच्या खोलीत वच्छलाकाकू होती. नवरा वारलेला, पोरगा प्रमोद अकोल्याच्या दालमिलमंधी कामाले, तो बलावे पन ही जाये नाही. म्हने, "तथी मी बसून खाईन. अथी माह्या हाताखालून गाव मोठं होऊन राहिलं."

खरंच होतं. काकू बाळंतिनीची मालिश करे अन् बाळाईले आंघोळ घाले. आजूबाजूच्या तीन गल्ल्यातली पोट्टी तिच्याच पायावर न्हाली. पाटावर बसे, पाय सरळ करे, बाळ नडग्यावर उपडं टाके अन् पानी ओतायच्या पहिले तांब्याशी बोले, "जास्त गरम नको बनू बाप्पा, पाहुना नवा आहे." हरेक बाळाले तिनं एक नोकरी देल्ली होती. कोनी तहसीलदार साहेब, कोनी फौजदार. "चला तहसीलदार साहेब, कान धुवा, जनतेचं आयकू यायले पाह्यजे." बाळ रडून रडून लाल होये अन् ही हासे, "रडून घ्या साहेब, अजून बदली नाही झाली." बाळाच्या माया बी हासत. पोट दुखेपर्यंत.

तिले शुगर होती. गोळ्या होत्या, आठवन आली त घे. प्रमोदभाऊच्या घरी गेली की बिनसाखरेचा चहा पिये अन् माह्याकडं आली की दोन चमचे मांगे. मी नाही म्हनलं त म्हने, "तथी मी पेशंट आहो. तुह्या घरी बी पेशंटच राहू काय? एक त घर पाह्यजे न पाहुनं म्हनून जायले."

मले सगळ्याचं भेव वाटे. कुकरच्या शिट्टीचं, पोरीच्या उचकीचं, फोन वाजला की पोरीच्या बाबाचं. काकू म्हने, "तापाची दवाई मेडिकलमंधी भेटते दिपे. तुह्या भेवाची भेटत असती त मी बाटलीभर आनली असती." अन् बसे माह्याजवळ. काही न करता बसे. तेच औषध होतं.

माही स्वरा झाली तवा लय वाईट झालं होतं. पोरगी निळी पडली, रडलीच नाही, काचेच्या पेटीत ठेवली. नऊ दिवस. मी वरती वार्डात पडलेली, टाके ओले, अन् पोरीचे बाबा खाली कागदं घेऊन पयत. दुसऱ्या दिवशी काकू भेटायले आली तवा पाय उघडे होते. मी म्हनलं, "काकू, चप्पल चोरीले गेली काय?" त म्हने, "नाही, मीच ठेवली." मंग समजलं. तिनं दवाखान्याच्या फाटकाशी चप्पल काढली, हात जोडले अन् देवीले सांगितलं, हे लेकरू आपल्या घरी आलं अन् वर्षाचं झालं की मंगच पायात घालीन. चप्पल तथीच सोडून देल्ली. मले न इचारता. माही सख्खी सासू गावाकडं होती, माय अकोल्याहून येऊन रडत बसली होती, अन् माह्या पोरीचा नवस बोलली ते शेजारीन.

पोरगी घरी आली. काकूनं पहिली आंघोळ घातली. सगळ्याले तहसीलदार, फौजदार करनारी काकू माह्या पोरीले पाहून म्हने, "ह्या कलेक्टरीनबाई. एवढंसं आंग आहे, जागा त मोठी पाह्यजे."

मंग उन्हाळा आला. आमच्या अमरावतीचा उन्हाळा तुमाले मालूम असन त मी काय सांगू. डांबर पायाले चिटकते. काकू त्या डांबरावरून उघड्या पायानं तीन गल्ल्या फिरे, बाळाईच्या आंघोळीले. मी म्हनलं, काकू मोजे घाला, नवस चपलेचा आहे. त म्हने, "देवीसोबत वकिली करू काय वं?" अन् हासून म्हने, "मले चटका लागतच नाही. देवीच उचलून घेते पाय." आमी दोघी बी तसंच समजलो. की देवीनं उचलून घेतलं. शुगरनं पायातली जानीव मरते हे मले कोन सांगनार? तिले कोन सांगनार?

पोळ्यानंतर भुऱ्या आला. पोरीच्या बाबाले कंपनीच्या फाटकाजवळ भेटला, डब्याच्या थैलीत घालून आनला. मुठीएवढा. अन् त्याले एकच काम, चाटनं. हात चाटे, पाय चाटे, बसलं की कान चाटे, झोपलं की डोये चाटे. दूधवाल्याले चाटे, भाजीवालीले चाटे. समोरच्या शमीमआपा ब्लाउज शिवत, त्याईच्या शिलाई मशीनखाली जाऊन पाय चाटे. आपा बिचाऱ्या चांगल्या, पन एक दिवस दारात उभ्या राहून म्हनल्या, "दीपा, तेरा भुऱ्या मेरेकू भी प्यारा है रे. लेकिन ऐन नमाज के टाइम पे सलवार चाट गया. ये तिसरी बार धो रही मैं आज."

मी रडकुंडीले आली. मी त्याले ढकलू, ओरडू, नाकावर चापट मारू. जेवढं ढकललं तेवढा तो चाटे. कोनी म्हने हाताले कडूलिंबाचा पाला चोया, मी चोयला, त्यानं तो बी चाटला. कोनी म्हने कारल्याचा रस. माह्याच तोंडात कडू गेलं जेवताना.

काकूनं दोन दिवस ओट्यावर बसून नुसतं पाहिलं. मंग मले बलावलं. म्हने, "तू त्याच्यासोबत खेळून राहिली."

"मी? मी त हाकलून राहिली!"

"तेच त. पोट्टं पहिल्यांदा थुकते तवा आपन काय करतो? अयी गं, पाहा कसा थुकला! मंग ते दिवसभर थुकते. याले बी तसंच. यानं जीभ लावली की तुहा हात हालते, तुहं तोंड चालते, तू नाचतेस. याले वाटते, वा! चांगला तमाशा आहे. तू तमाशा बंद कर. खांब हो."

"खांब?"

"खांब. हात नाही, आवाज नाही, डोये बी नाही द्याचे. तोंड फिरवून उभी राहा. बसली असशीन त उठून जा. अन् त्यानं चाटनं सोडून चार पाय जमिनीवर ठेवले की तवा हात फिरव. गोड बोल. भाकरीचा तुकडा दे. त्याले समजलं पाह्यजे की चाटल्यानं मानूस निघून जाते अन् न चाटल्यानं येते."

अन् मंग काकूनं साऱ्या ओळीले शिकवलं. कोनाले सोडलं नाही. शमीमआपा खांब, दूधवाला खांब, माह्या पोरीच्या बाबाले बी ड्यूटीवरून आल्या आल्या दारातच खांब केलं. एक दिवस गॅसवाला आला, खांद्यावर सिलिंडर, अन् भुऱ्या त्याच्या घोट्याले लागला. काकू ओट्यावरून ओरडली, "ए भाऊ, हालू नको! खांब हो!" तो म्हने, "बुढे, खांद्यावर भरलेलं सिलिंडर हाय, मी खांबच हावो, तू याले सांग!" सारी ओळ हासली.

काकूनं त्याले एक करटी बी देल्ली, नारळाची. तिच्यात भाकरीचा काला घट्ट दाबून भरे. म्हने, "जिभीले काम त पाह्यजे न. नुसतं हे नको ते नको म्हनलं त लेकरू बी बिघडते." भुऱ्या ती करटी दोन पायात धरून अर्धा अर्धा घंटा चाटत बसे. अन् तुमाले खोटं वाटन, एका मयन्यात पिल्लू सुधरलं. आपाकडं जाये त दारात बसे, शेपटी हालवे. आपा म्हने, "माशाअल्ला, इसकू तो मेरे बच्चों से ज्यादा अक्कल है."

साऱ्याईले चाटनं सोडलं त्यानं. फक्त काकूची डावी टाच नाही सोडली.

काकू बसली की तो चूपचाप जाये अन् टाचेशी लागे. आमी हासत, "काकू, मास्तरीनबाईच नापास!" काकू म्हने, "तेल असते न वं पायाले, बाळाईचं तेल गळते, त्याचा वास येते त्याले." आता मले समजते. आमचा सगळ्याचा पाय जिभीनं हाले, मंग आमी खांब होऊ, मंग तो सोडे. काकूले जीभ लागलेलीच समजे नाही, त ती उठून जाये बी नाही. तिचा पाय पहिलेच खांब झाला होता. मंग तिनं टाचेले चिंधी बांधली त आमी म्हनलं, भेग असन. त्या पायाले काहीतरी आहे हे साऱ्या ओळीत एकट्या कुत्र्याले मालूम होतं.

आता त्या दिवसावर येतो.

मी पोरीचं तोंड साबनानं धुतलं, पाच येळा, ती गुदमरून रडे तरी धुतलं, अन् रिक्षा करून दवाखान्यात गेली. काकू संगच आली. मी नको म्हनलं तरी आली, "तुह्यानं एकटीनं नाही होनार." पाय लुगड्याखाली घेऊन बाकड्यावर माह्या बाजूले बसली. डाक्टर तरुनच होते, चांगले बोलले. पिल्लाले सुई देल्ली होती का इचारलं, मी कागद दाखवला जनावराच्या दवाखान्याचा. तरी म्हनले, बाळ आहे, आपण धोका घ्यायचा नाही. पोरीच्या मांडीले सुई देल्ली. ती ओरडली अन् काकूनं तिले माह्याजवळून घेतलं, "काही नाही कलेक्टरीनबाई, सरकारी काम आहे, सही झाली."

मंग डाक्टरनं लिहिता लिहिता इचारलं, "रक्त कशाचं होतं मग? घरात कोणाला जखम आहे का? त्या जखमेवर चाटलंय का पिल्लानं?"

मी काकूकडं पाहिलं. काकू माह्याकडं पाहून राहिली होती. तिच्या मांडीवर माही पोरगी, हुंदके देऊन राहिलेली. रिक्षात येताना मी तिले म्हनलं होतं, काकू, तुमी बी दाखवून घ्या, संगच. त ती म्हने, "डाक्टर पहिलं काय सांगन? पायात चप्पल घाला, उघड्या पायानं फिरू नका. घातली त नवस मोडला. नाही घातली त डाक्टरशी खोटं बोलली. मले दोन्हीकडून जमत नाही दिपे. दहा मयने काढले, दोन राहिले. मोडला अन् हिले काही झालं, त मी कुठी तोंड दाखवू?"

'हिले काही झालं त.' हे शब्द माह्या कानात होते. मले ती काचेची पेटी दिसली. निळी पोरगी दिसली. डाक्टर पेन धरून वाट पाहून राहिले होते. मी म्हनलं, "नाही. कोनाले जखम नाही. त्यानं बाहेर उंदीर-गिंदीर खाल्ला असन."

डाक्टरनं लिहून घेतलं.

मी हे काकूसाठी बोलली नाही. कोनी म्हनन की दीपानं काकूचा शब्द पाळला. मी शब्द-गिब्द काही पाळला नाही. मले माह्या पोरीचं भेव वाटलं, बस. अजून सांगतो, मी त्या येळी मनात दिवस बी मोजले, की अजून दोन मयने हिनं चप्पल नाही घालायले पाह्यजे.

घरी आल्यावर पहिलं मी भुऱ्याले हाकलाचं ठरवलं. त्याची काही चूक नव्हती. पन तो डोयापुढं आला की मले ते रगत दिसे. माह्या भावाले अकोल्याले फोन केला, तो चौथ्या दिवशी टेम्पो घेऊन आला. भावाच्या घरी आंगन आहे, म्हने राहीन तो. काकूनं भुऱ्याची करटी फडक्यात बांधून देल्ली. टेम्पोत त्याले ठेवताना त्यानं खाली उडी मारली अन् परत जाऊन काकूच्या टाचेजवळ बसला. चाटलं नाही. नुसता बसला. काकूनंच त्याले उचलून दिलं. म्हने, "जा बाप्पा. तू तुही ड्यूटी केली."

मंग मी रोज काकूचा पाय धुवे. मेडिकलमधून पट्टी, कापूस, मलम आने. दुपारी पोरगी झोपली की तिच्या खोलीत जाये, दार लोटून घे. कोमट पानी, मीठ, मलम, पट्टी. काकू तवा दुसरंच काही बोलत राहे, कोनत्या फौजदार साहेबाले दात आले, कोनत्या बाईनं आंघोळीचं पानी लय गरम केलं. मी इचारू, "दुखते काय?" त म्हने, "दुखलं असतं त गेली असती न डाक्टरकडं." पहिले पंधरा दिवस वाटलं की भरून राहिलं. मंग कडा काळ्या पडल्या. मंग काकू खोलीत उदबत्ती लावाले लागली, पहिले एक, मंग दोन, मंग दिवसभर. मले समजलं कावून ते. मी इचारलं नाही. मी बी उदबत्तीचा एक पुडा आनून ठेवला.

पुडा आनून ठेवला मी. डाक्टर नाही आनला.

भुऱ्या असता त त्यानं चिंधी ओढून चारचौघात काढली असती. आपानं पाहिलं असतं, कोनी ना कोनी ओरडलं असतं. पन तो तर मीच धाडून देल्ला होता.

स्वरा वर्षाची झाली त्या दिवशी सकाऊन मी काकूले नवी चप्पल आनली. मऊ, मांगून पट्ट्याची. घरी हार होता, पेढे होते, पोरीले हिरवा फ्रॉक. काकू नवं लुगडं नेसून आली, भिंत धरून आली. पोरीच्या कपायाले कुंकू लावलं, देवीले हात जोडले, अन् मले म्हने, "आन वं तुही चप्पल." उजवा पाय गेला. डावा जाये नाही. सुजून डबल झाला होता. मी पट्टा मोकळा केला, पूर्न मोकळा केला, तरी जाये नाही. काकू हासली, "दुकानदारानं येगयेगळ्या मापाची देल्ली वं तुले." अन् हासता हासताच तिचं तोंड पांढरं पडलं. आपा धावल्या, त्याईनं हात लावला, म्हनल्या, "या अल्ला, ये तो तंदूर जैसी गरम है." आपानंच प्रमोदभाऊले फोन लावला.

तो दोन-अडीच घंट्यात गाडी घेऊन आला. त्यानं पट्टी सोडली अन् खोलीच्या बाहेर गेला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मंग माह्याकडं आला. लय हळू बोलला. "वहिनी, ही पट्टी तिनं सोताच्या हातानं नाही बांधली. मांगून गाठ आहे."

मी मान खाली घातली. तो अजून काही बोलला असता, मारलं बी असतं त चाललं असतं. तो नुसता म्हने, "ठीक आहे," अन् मायले उचलून गाडीत ठेवली.

अकोल्याले पाय कापला, गुडघ्याच्या खालून. माह्या भावानं फोनवर सांगितलं. तथल्या डाक्टरनं इचारलं म्हने, जखमेले कुत्रं-मांजर चाटलं होतं काय. चाटल्यानं बी बिघडते म्हने, शुगरनं बी बिघडते, पन सगळ्यात जास्त उशिरानं बिघडलं. म्हंजे भुऱ्यानं बिघडवलं का मी, हे मले कोनी नक्की सांगत नाही. मी भावाले तीनदा इचारलं. तो म्हने, "ताई, आता हे इचारून काय करतेस?"

आठ दिवसानं मी अकोल्याले गेली. पोरीले भावाच्या घरी मायजवळ ठेवलं अन् एकटी दवाखान्यात गेली. सोबत काय न्यावं समजे नाही, संत्री नेली. वार्डात बायाच बाया, खिडकीजवळची खाट. चादर एकाबाजूनं उंच होती अन् एकाबाजूनं मधातच सपाट. मी तिकडं नाही पाहाचं असं ठरवून गेली होती, अन् पहिले तिकडंच पाहिलं.

काकू वाळली होती. पन डोये तेच. बाजूच्या खाटेवर एक बाई होती, तिच्या नातवाले काकू खाटेवरूनच म्हनून राहिली होती, "या इंजिनेर साहेब, पूल कुठी बांधता?" मले पाहून हात लांब केला. म्हने, "आली वं? भेलीस न? बस." मी बसली. लय रडली मी. तिनं रडू देल्लं. मंग संत्रं सोलून अर्धं मलेच देल्लं.

मी म्हनलं, "काकू, मी सांगायले पाह्यजे होतं."

ती म्हने, "मी नाही म्हनलं होतं न तुले. मंग? ज्याचा पाय, त्याची गोष्ट." अन् लगेच इषय बदलवला. "कलेक्टरीनबाईले नाही आनलं?"

"दवाखान्यात कसं आनू काकू, आजार लागन."

"बरं केलं. कशी आहे? खाते?"

"खाते."

"अन् चालते काय वं? पावलं टाकते?"

टाकली होती. भावाच्या आंगनात, त्याच दिवशी सकाऊन, माही पोरगी माह्या मायच्या हातातून सुटून सात पावलं चालली होती, कोनाचं बोट न धरता, अन् सगळे टाळ्या वाजवत होते. मले सांगाचं होतं. भावाच्या घरून निघताना मी तेच घोकत आली होती, की काकूले हे सांगन, काकू खूश होईन. अन् तिनं इचारलं त माही नजर त्या सपाट चादरीवर गेली. माह्या पोरीले पाय फुटले अन् हिचा गेला, हे मी कोनत्या तोंडानं सांगू?

मी म्हनलं, "नाही. अजून नाही."

काकूचं तोंड एक घडी उतरलं. लगेच सावरलं. म्हने, "टाकन, टाकन. घाई नको करू. मालिश सोडू नको तिची." मंग नर्स आली, भेटायची येळ संपली म्हने. मी दारापर्यंत गेली अन् वळून पाहिलं. काकू वर आढ्याकडं पाहून बोटावर काही मोजून राहिली होती. पोरीचे मयने मोजत असन. इतक्या मयन्याची झाली, अजून कावून नाही चालली, म्हनून.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला, काकू गेली म्हनून. जहर आंगात पसरलं होतं म्हने.

माही पोरगी आता पयते. ओट्यावरून उड्या मारते, मी मांगं धावतो. लोकं म्हनतात नवस पावला. प्रमोदभाऊ खोली रिकामी करायले आला तवा माह्यासोबत बोलला नाही, पोरीच्या डोक्यावर मात्र हात ठेवून गेला.

तुमी शिकलेले आहा, तुमी सांगा. ते डाक्टर पेन धरून बसले आहेत, नवस बोलनारीन बाजूले बसली आहे, अन् जिच्यासाठी बोलला ते लेकरू तिच्या मांडीवर रडून राहिलं. अन् तुमी तेच लेकरू एकदा काचेच्या पेटीत निळं पाहिलं आहे. तुमी काय सांगितलं असतं डाक्टरले? अन् ते बी सोडा. त्या खाटेजवळ बसून, ती सपाट चादर पाहून, चालते काय वं म्हनून तिनं इचारलं असतं, त तुमी हो म्हनलं असतं काय?